चरित्र, आत्मचरित्र, चरित्रात्मक कादंबरी: वाचलेल्यातलं किती खरं धरायचं?

पानखूण

गेल्या काही महिन्यांत सलग वाचून झालेली पुस्तकं: रणजित देसाई यांची 'स्वामी', शिवाजी सावंत यांच्या 'छावा' आणि 'मृत्युंजय', श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ', विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर' (अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चरित्र).

मनावर उमटलेलं थोडक्यात असं. 'स्वामी'तली थेऊरची शेवटची पानं सर्वांत जास्त भिडली. 'छावा' भारावून टाकते, पण भाषेचा चढा सूर शेवटपर्यंत खाली येत नाही. 'आनंदी गोपाळ'मधल्या गोपाळरावांचा राग येतो आणि त्यांना सोडूनही देता येत नाही. गोडसे भटजींचा झाशीचा वेढा डोळ्यांसमोर घडल्यासारखा वाटतो. 'स्मृतिचित्रे'सारखं मराठी कुठेच वाचायला मिळालं नाही. कार्व्हर प्रेरणादायी आहे, पण माणसात एकही दोष कसा नाही, हा प्रश्न उरतो.

अडचण तीन ठिकाणी आहे. एक, कादंबरीतला प्रसंग खरा घडलेला की लेखकाच्या पदरचा, हे ओळखायचं कसं? दोन, चरित्र विश्वासार्ह आहे हे सामान्य वाचकाने कशावरून ठरवावं? तीन, महिन्याभरात सगळं पुसट होतं, 'छान होतं' एवढंच उरतं. नोंदी कशा ठेवाव्यात?

तळटीप

तुमच्या यादीतली 'आनंदी गोपाळ' पहिल्या प्रश्नासाठी फार सोयीची आहे, कारण डॉ. आनंदीबाई जोशी या एकाच बाईवर निरनिराळ्या जातीची पुस्तकं उपलब्ध आहेत. कॅरोलिन डॉल यांचं इंग्रजी चरित्र १८८८चं, म्हणजे आनंदीबाई गेल्यानंतर वर्षभरातलं. काशीबाई कानिटकरांचं मराठी चरित्र, ज्यात पत्रंही आहेत. जोशींची कादंबरी १९६८ची. आणि अंजली कीर्तने यांचा 'डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व' हा संशोधनग्रंथ. कादंबरी वाचून झालीच आहे, तर आता कीर्तने वाचा आणि शेवटी पत्रं. उलट्या क्रमाने गेलात तर कादंबरीत सारखे खडे लागत राहतील आणि तिची मजा जाईल.

कागदावर आधी पक्का सांगाडा मांडा. जन्म ३१ मार्च १८६५. लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीने प्रयाण, जूनमध्ये न्यूयॉर्क. मार्च १८८६मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची एम. डी. मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७. म्हणजे बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूक झाली होती, पण काम सुरू करायला आयुष्य उरलं नाही.

एवढ्या दहा-बारा ओळी शेजारी ठेवल्या की कादंबरीतला प्रत्येक प्रसंग तीनपैकी एका खान्यात जातो. पहिला खाना 'कागद आहे' असा. दुसरा 'कागद नाही, पण घडलं असणं शक्य आहे'. तिसरा 'कागदाशी जुळत नाही'.

नमुना घ्या. गोपाळरावांनी मिशनऱ्यांना मदतीसाठी पत्र लिहिलं, ते उत्तरासकट अमेरिकेतल्या मिशनरी नियतकालिकात छापलं गेलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असताना ते वाचलं. वाचताना हे हमखास कादंबरीकाराने जुळवलेलं वाटतं, इतका तो योगायोग बेतीव आहे. पण हा पहिल्या खान्यातला प्रसंग आहे. याउलट रात्रीच्या खोलीतलं नवरा-बायकोचं शब्दशः बोलणं अगदी साधं आणि खरं वाटतं. ते ऐकायला तिसरं माणूस नव्हतं आणि त्याची टिपणं कुणी ठेवलेली नाहीत. ते दुसऱ्या खान्यात. म्हणून 'खरं वाटतं की नाही' हा निकष बाजूला ठेवायचा आणि 'हे लिहिणाऱ्याला कळलं कुठून' एवढंच विचारायचं. अवतरणचिन्हातलं लांब संभाषण, मनात आलेला विचार, मरणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून सरकलेली चित्रं, हे दिसलं की समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह करा. 

'स्वामी'लाही हेच लावा. माधवराव पेशव्यांचा राजयक्ष्मा (क्षय), थेऊरचा मुक्काम, १८ नोव्हेंबर १७७२चा मृत्यू, रमाबाईंचं सती जाणं, राघोबादादांशी तंटा, हे सगळं इतिहासातलं. माधवराव आणि रमाबाई यांचे एकान्तातले संवाद देसाईंचे. जी पानं तुम्हाला सर्वांत जास्त भिडली, त्यांतला शोक कागदाला धरून आहे आणि शब्द कादंबरीकाराचे आहेत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

'पहिली', 'एकमेव', 'सर्वप्रथम' हे शब्द दिसले की मात्र थांबा. आनंदीबाईंना सरसकट 'पहिली भारतीय महिला डॉक्टर' म्हटलं जातं. त्याच १८८६मध्ये कादंबिनी गांगुली कलकत्त्यात वैद्यकाच्या परीक्षेतून बाहेर पडल्या आणि त्यांनी पुढे व्यवसायही केला. परदेशी जाऊन पदवी, देशात पदवी, प्रत्यक्ष व्यवसाय, या वेगवेगळ्या 'पहिल्या' आहेत. चांगला चरित्रकार त्यातली कोणती ते नेमकं लिहितो.

मोडीवाचक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे चरित्राच्या विश्वासार्हतेबद्दल.

पुस्तक मागून उघडा. संदर्भसूची आहे का? त्यात मूळ साधनं (पत्रं, दफ्तरं, शकावल्या म्हणजे सनवार घटनांच्या याद्या, समकालीन वृत्तपत्रं) किती आणि आधीची चरित्रं किती? फक्त आधीची चरित्रं असतील तर ते पुस्तक म्हणजे उकळलेल्याचं पुन्हा उकळलेलं. नामसूची असेल तर उत्तम. नायकाशी ज्यांचं पटलं नाही त्यांची नावं सूचीत काढा आणि तीच पानं आधी वाचा. विरोधकाला दोन ओळीत मूर्ख किंवा दुष्ट ठरवून टाकलं असेल तर बाकीच्या पुस्तकाचा अंदाज तिथेच येतो.

मग अंतर मोजा, घटना आणि लेखन यांतलं. 'छावा' वाचली आहे म्हणून संभाजी महाराजांचंच उदाहरण. वर्षानुवर्षं मराठी नाटक-कादंबऱ्यांत जो व्यसनी, उतावळा संभाजी दिसत होता, त्याचं मोठं मूळ मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत आहे. महाराजांचा वध १६८९मध्ये झाला. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे मध्ये सुमारे १२० वर्षं. शिवाय बखरकार ज्या घराण्याचे, त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१मध्ये संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. आता पुढच्या लेखकांनी याच बखरीवरून लिहिलं, त्यांच्यावरून आणखी कुणी लिहिलं, आणि वाचक म्हणतो की 'चार पुस्तकांत हेच आहे, मग खरंच असणार'. चार पुस्तकं, पण साक्षीदार एकच, आणि तोही घरातलं दुखणं बाळगणारा. साक्षीदार मोजायचे असतात, पुस्तकं नव्हे.

हे चित्र पालटलं ते वा. सी. बेंद्रे यांच्या १९६०च्या चरित्राने आणि पुढे कमल गोखले यांच्या संशोधनाने. 'छावा' १९७९ची, म्हणजे त्यानंतरची. सावंतांचा नायक आधीच्या नाटकांतल्यापेक्षा इतका वेगळा का, याचं अर्धं उत्तर या सनावळीत आहे. पण म्हणून 'छावा' हा बेंद्र्यांचा पुरावा होत नाही. संशोधनाने काळिमा पुसला, कादंबरीने त्यावर तेज चढवलं. तुम्हाला जाणवलेला चढा सूर तिथला आहे.

लेखकाचं नायकाशी नातंही बघायचं. न. चिं. केळकरांनी लोकमान्य टिळकांचं तीन खंडांचं चरित्र लिहिलं, ते सहकारी म्हणून जवळून पाहून. आतली माहिती भरपूर मिळते, आणि ज्या वादांत केळकर स्वतः होते तिथे ते पंच राहू शकत नाहीत. धनंजय कीर यांचं आंबेडकर-चरित्र प्रथम इंग्रजीत १९५४मध्ये आलं, बाबासाहेब हयात असताना. त्या आवृत्तीत १९५६चं धर्मांतर असणारच नाही, ते नंतरच्या आवृत्त्यांत शोधावं लागतं. म्हणून 'कोणती आवृत्ती' हा कंटाळवाणा प्रश्न नाही.

तोच प्रश्न तुमच्या गोडसे भटजींना विचारा. प्रवास १८५७च्या धामधुमीतला, लेखन १८८३च्या सुमाराचं, छापील पुस्तक १९०७चं. ते चिं. वि. वैद्यांनी भाषेवर हात फिरवून, काटछाट करून काढलेलं. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ द. वा. पोतदारांच्या संपादनाने १९६६मध्ये आला. तुमच्या हातातली प्रत यांतल्या कोणत्या पाठावरून आहे, ते प्रस्तावनेत बघा. वाक्यं फार गुळगुळीत, आधुनिक वाटत असतील तर वैद्यांच्या पाठाची शक्यता जास्त. आणि पंचवीस वर्षांनी लिहिताना काय टिकतं, काय सरमिसळ होतं, हेही लक्षात घ्या. भटजी झाशीत असतानाचं, म्हणजे पाणी, धान्य, आग, लपण्याच्या जागा, ही आठवण भक्कम. ते जिथे नव्हते तिथलं सगळं ऐकीव. एका रंगाच्या पेन्सिलीने 'पाहिलेलं' आणि दुसऱ्या रंगाने 'ऐकलेलं' अशा खुणा केल्या तर तेच पुस्तक दुप्पट मोलाचं होतं.

कार्व्हरबद्दल थोडंसं. निर्दोष नायक ही त्या प्रकारच्या, विशेषतः तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या चरित्रांची रीतच असते, आणि कार्व्हर यांच्याभोवती अमेरिकेतही दंतकथा भरपूर जमल्या. पीनट बटर त्यांनी शोधलं असं सर्रास सांगतात. ते खरं नाही, त्याचं १८८४चं पेटंट आणि १८९५चा पेटंट-अर्ज, दोन्ही दुसऱ्यांचे आहेत. शेंगदाण्याचे तीनशेवर उपयोग मोजताना पाककृती आणि पुनरावृत्तीही धरलेल्या असतात. त्यांच्या स्वतःच्या नावावर पेटंटं तीनच. त्यांचं खरं काम अमेरिकेतल्या टस्कीगी संस्थेत १८९६पासून गरीब शेतकऱ्यांना कापसाने थकलेल्या जमिनीत पीकपालट शिकवण्याचं होतं. १९१६च्या त्यांच्या पुस्तिकेत भुईमूग कसा पिकवावा आणि तो खाण्याचे १०५ प्रकार, दोन्ही आहेत. दंतकथा काढून टाकल्यावर माणूस लहान होत नाही, उलट हाताला लागतो.

अर्धविराम

दोन्ही प्रतिसाद मोलाचे, पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध नोंदवायचा आहे. कादंबरीचा प्रत्येक प्रसंग खान्यात टाकत बसलं तर कादंबरी वाचायची राहूनच जाते. इतिहासाशी न जुळणं हा चरित्रातला दोष आहे. कादंबरीत तो दोष असेलच असं नाही. तिथे विचारायचं ते असं की जे बदललं, ते बदलून लेखकाने काय मिळवलं?

'मृत्युंजय' घ्या. कथा कर्ण एकटा सांगत नाही. नऊ विभागांपैकी चार त्याचे, बाकीचे कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांचे. वृषाली हे नाव व्यासांच्या महाभारतात सापडत नाही. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत तर द्रौपदीने स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' असं म्हणण्याचा भाग मुख्य संहितेत नाही, तो नंतर घुसलेला मानून खाली टीपेत गेला आहे. कर्णावरच्या कितीतरी नाटक-कादंबऱ्यांचा उभा डोलारा त्या एका अपमानावर आहे! मग त्या खोट्या ठरतात का? नाही. पण हे कळल्यावर दिसतं की मूळ कथेपेक्षा आपल्या काळाला अपमानित कर्ण जास्त हवासा आहे. आणि वृषाली का आणली, तर कर्णाला घर द्यायला. रणांगण आणि राजसभा यांतून बाहेर काढून त्याला उंबऱ्याच्या आत दाखवायला कुणीतरी हवं होतं. वृषालीचा विभाग पुन्हा वाचून बघा. जे कर्ण स्वतः सांगत नाही ते तिथे कुठे कुठे येतं, तेवढंच टिपा. अनेक निवेदकांची कादंबरी अशीच वाचायची: एकच घटना दोघांच्या तोंडून आली असेल ती पानं शेजारी ठेवून.

त्यात कसरही दिसेल. निवेदक सहा, पण आवाज किती? कुंती आणि दुर्योधन यांची वाक्यं नावं झाकून ओळखता येतात का? माझ्या मते फारशी येत नाहीत, सगळ्यांच्या तोंडी तीच उपमांनी लगडलेली भाषा आहे. हा कादंबरी म्हणून दोष, आणि तो कुठल्याही शकावलीवरून कळणार नाही.

'स्मृतिचित्रे' याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. लक्ष्मीबाई उपमा फार देत नाहीत. त्या कुणी काय केलं ते सांगतात, लहान वाक्यांत, आणि सांगून बाजूला होतात. सोवळ्याचा अतिरेक करणारे वडील किंवा पती नारायण वामन टिळकांचं न सांगता घरातून निघून जाणं, यांवर त्या न्यायनिवाडा करत नाहीत. १८९५मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हाच्या प्रकरणात स्वतःची अवस्था सांगतानाही त्या कीव मागत नाहीत. तुम्ही लिहिलंत 'असं मराठी कुठेच नाही'. ते का, हे बघायला कुठलंही एक पान घेऊन त्यातली विशेषणं मोजा, आणि मग 'छावा'चं एक पान घ्या. शितावरून भाताची परीक्षा होईल.

आणि ऐतिहासिक कादंबरीकडे कसं बघावं हे शिकायचंच असेल तर 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांचं जे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलं आहे ते वाचा. कादंबरी नंतर वाचली तरी चालेल. इतिहासाची साधनं आणि ललित लेखकाची गरज यांची ओढाताण इतक्या सविस्तर क्वचितच कुणी मांडली आहे.

पानखूण

धन्यवाद, सगळ्यांचे. 'साक्षीदार मोजायचे, पुस्तकं नव्हे' हे लगेच लिहून घेतलं. तिसरा प्रश्न तेवढा राहिला, नोंदींचा. आणि एक नवा: जुन्या पत्रांत शके, फसली, अरबी सन येतात तिथे डोकं चालत नाही. तारखांची घोळदार जुळणी कशी करायची?

तळटीप

नोंदी लहान ठेवा, नाहीतर तिसऱ्या पुस्तकानंतर बंद पडतील. एका पुस्तकाला वहीचं एक पान पुरे. वर लेखक, आवृत्ती आणि तिचं वर्ष. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, म्हणून पृष्ठांकाबरोबर प्रकरणाचं नावही लिहा. खाली उभी रेघ मारून दोन रकाने. डावीकडे 'पुस्तक म्हणतं', उजवीकडे 'मला वाटलं'. हे दोन एकत्र लिहिले की सहा महिन्यांनी लेखकाचं मत कोणतं आणि आपलं कोणतं, हे सांगता येत नाही. नोंदींमधली सर्वांत नेहमीची चूक हीच. 

एक उतारा जसाच्या तसा उतरवून घ्या, तीन-चार ओळींचा, शुद्धलेखनासकट. हाताने उतरवताना वाक्याची घडण कळते, फोटो काढून ठेवला तर कळत नाही. शेवटी एक प्रश्न लिहा ज्याचं उत्तर पुस्तकाने दिलं नाही. चरित्रात तो बहुतेक वेळा गाळलेल्या वर्षांचा असतो. सनावळी मांडल्यावर एका प्रकरणातून दुसऱ्यात जाताना सात-आठ वर्षं गडप झालेली दिसली, तर तिथे कागद नाहीत किंवा लिहिणाऱ्याला अवघड होतं. 'भारावलो', 'अप्रतिम' असे शब्द आले तर त्यांच्यापुढे 'कोणत्या पानावर' हे लिहायची सक्ती करा. पान सांगता आलं नाही तर शब्द खोडा.

मोडीवाचक

तारखांचं सोपं आहे, फक्त वर्ष कुठे सुरू होतं ते विसरायचं नाही.

शके असेल तर ७८ मिळवा. पण शके चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून पौषाचा उत्तरार्ध, माघ, फाल्गुन यांना ७९. शके १५५१ फाल्गुन म्हणजे १६३०, आणि शके १६९४ कार्तिक म्हणजे १७७२. पहिल्यात ७८ धरलात तर सरळ एका वर्षाची चूक.

मराठी कागदांतला अरबी, म्हणजे शुहूर सन, मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मे अखेरपर्यंत ६०० मिळवा. तो अक्षरांत असतो: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची, ११६१ अधिक ६००, बरोबर. हिजरी सनाला मात्र अशी बेरीज चालत नाही. ते वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे फरक सारखा बदलत जातो. तिथे जंत्रीच, म्हणजे तारखांचं तयार कोष्टकच बघा.

इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत आणखी एक खोच आहे. १७५२पर्यंत त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ची, पण त्यांच्या कागदावर साल १६६३ दिसेल. शिवाय त्यांची जुनी दिनदर्शिका सतराव्या शतकात आजच्या दिनदर्शिकेच्या १० दिवस मागे होती. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्या जुन्या पद्धतीची, आजच्या पद्धतीने ती १६ जून येते. दोन चरित्रांत दहा दिवसांचा फरक दिसला तर आधी हे तपासा, मग लेखकाला चुकीचं ठरवा. फसलीचे प्रकार प्रांतागणिक निरनिराळे आहेत, त्यामुळे पत्र कुठलं आहे ते सांगा, मग बघू.